स्थलनामे आणि लुप्त सभास्थाने : मध्ययुगीन इंग्लंड व उत्तर ब्रिटनमधील शोधपद्धतीचा परिचय

गोषवारा

मध्ययुगीन इंग्लंड व उत्तर ब्रिटनमध्ये स्थानिक न्यायनिवाडा आणि कारभार उघड्यावर भरणाऱ्या सभांमधून चालत असे. या सभांसाठी वास्तू उभारल्या जात नसल्याने त्यांची बहुतेक ठिकाणे विस्मृतीत गेली. गावे, टेकड्या, वने आणि शेते यांच्या नावांत मात्र त्यांच्या खुणा शिल्लक राहिल्या. या नावांच्या आधारे सभास्थाने कशी शोधली जातात, त्या शोधात कोणते धोके संभवतात आणि ही पद्धत महाराष्ट्रातील गोतसभांच्या अभ्यासाला कितपत उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, दफ्तरे आणि वास्तू यांचा उल्लेख आपण प्रथम करतो. यांपैकी बहुतेक साधने राजसत्तेने, धर्मसंस्थांनी किंवा धनिकांनी मागे ठेवलेली असतात. ज्या संस्था सामान्य शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि लहान जमीनदारांच्या उपस्थितीवर चालत होत्या, त्यांची नोंद या साधनांत तुटपुंजी आढळते. माळावर, झाडाखाली किंवा एखाद्या टेकाडाभोवती जमलेली सभा उठून गेली की तेथे भिंत उरत नाही आणि छप्परही उरत नाही. पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागावे असे फारसे काही मातीत पडत नाही.

तरीही अशा सभेचा एक अवशेष टिकून राहतो. तो म्हणजे त्या जागेचे नाव. पिढ्यानपिढ्या लोक ठराविक दिवशी एका ठिकाणी जमले म्हणजे त्या ठिकाणाला नाव पडते. पुढे सभा बंद झाली, भाषा बदलली, नावाचा अर्थ कोणाला सांगता येईनासा झाला, तरी वापराच्या सोयीपोटी ते नाव चालू राहते. अर्थ विसरून गेलेले नाव हा पुरावा म्हणून एका दृष्टीने अधिक विश्वसनीय ठरतो, कारण ज्याचा अर्थच ठाऊक नाही त्यात हेतुपुरस्सर बदल करण्याचे कारण कोणाला नसते. असे असले तरी, नाव हा एकटा पुरावा कधीही पुरेसा नसतो. हे दोन्ही मुद्दे एकत्र ध्यानात घेतल्याखेरीज या अभ्यासाचे मोल आणि मर्यादा समजणार नाहीत.

२. सभांचे स्वरूप आणि त्यांचा लोप

दहाव्या शतकापर्यंत इंग्लंडचा मोठा भाग ‘शायर’ या मोठ्या विभागांत आणि ‘हंड्रेड’ या त्यांच्या उपविभागांत विभागला गेला होता. ‘हाइड’ हे जमिनीच्या आकारणीचे एकक होते. अशा शंभर हाइडांचा समूह म्हणजे हंड्रेड, अशी या विभागणीमागील ढोबळ कल्पना होती, परंतु प्रत्यक्षात ही संख्या सर्वत्र सारखी नव्हती. दहाव्या शतकातील एका राजाज्ञेनुसार हंड्रेडची सभा दर चार आठवड्यांनी भरविणे बंधनकारक होते. चोरांचा पाठलाग, जनावरांच्या खरेदी-विक्रीची साक्ष, जमिनीचे वाद आणि हस्तांतर अशी कामे तेथे होत. त्याच शतकात राजा एडगर याच्या कायद्याने शायरची सभा वर्षातून दोनदा भरवावी असे ठरवून दिले.

उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियन लोकांची वस्ती झाली. यॉर्कशायर, लिंकनशायर, नॉटिंगहॅमशायर, डर्बीशायर व लेस्टरशायर या भागांत हंड्रेडऐवजी ‘वॅपनटेक’ ही संज्ञा रूढ झाली. जुन्या नॉर्स भाषेतील ‘व्हापनाटाक’ या शब्दापासून ती आली असून तिचा शब्दशः अर्थ ‘शस्त्र घेणे’ असा होतो. सभेतील संमती शस्त्राच्या साहाय्याने दर्शविण्याच्या प्रथेशी या शब्दाचा संबंध जोडला जातो. इ. स. १०८६ च्या ‘डोम्सडे बुक’ या महसुली पाहणीत हंड्रेड आणि वॅपनटेक या दोन्ही विभागांची नावे नोंदलेली आहेत. त्यामुळे या अभ्यासाला एक भक्कम प्रारंभबिंदू लाभला आहे.

नॉर्स लोक आपल्या सभेला ‘थिंग’ म्हणत. आज इंग्रजीत ‘वस्तू’ या अर्थी वापरला जाणारा शब्द याच कुळातील आहे. सभा, मग सभेपुढील प्रकरण आणि त्यानंतर कोणतीही बाब किंवा वस्तू, असा त्याचा अर्थविस्तार झाला. आइसलँडमधील थिंगवेल्लिर येथे सुमारे ९३० मध्ये सुरू झालेली ‘आल्थिंग’ ही सर्वसाधारण सभा १७९८ पर्यंत त्याच जागी भरत राहिली. थिंग सभांचा सर्वांत परिचित नमुना म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

या सभा लुप्त का झाल्या? चौदाव्या शतकात, विशेषतः १३६१ च्या कायद्यानंतर, शांतता-न्यायाधीशांची व्यवस्था स्थिर होत गेली आणि हंड्रेडच्या सभांचे महत्त्व ओसरू लागले. अनेक सभा माळावरून गावातील इमारतींत आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंड्रेड या विभागाला प्रशासनात स्थान उरले नाही. सभेची खूण असलेले झाड पडले, टेकाडावर नांगर फिरला आणि दगड कुंपणाच्या कामी आला. राहिले ते नाव, आणि तेही बहुधा मोडलेल्या रूपात.

३. नावांचे तीन प्रकार

सभास्थानांचा निर्देश करणारी नावे स्थूलमानाने तीन प्रकारांत मांडता येतात.

पहिला प्रकार सभा किंवा भाषण या अर्थाचा शब्द धारण करणाऱ्या नावांचा होय. जुन्या इंग्रजीतील ‘गेमोट’ म्हणजे एकत्र जमणे, ‘मॅथेल’ म्हणजे सभा किंवा सभेतील बोलणे आणि ‘स्पेल’ म्हणजे भाषण. डर्बीशायरमधील मॅटलॉक या गावाचे नाव ‘मॅथेल’ आणि ‘आक’, म्हणजे ओक वृक्ष, या दोन शब्दांपासून बनले आहे. ‘ज्या ओकखाली सभा भरते तो’ असा त्याचा अर्थ होय. मिडलसेक्समधील स्पेलथॉर्न या हंड्रेडच्या नावाचा अर्थ ‘भाषणाचे काटेझाड’ असा आहे. १९७४ मध्ये हेच नाव एका आधुनिक स्थानिक प्रशासकीय विभागाला देण्यात आले. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव रनीमीड हे होय. १२१५ मध्ये राजा जॉन याने मॅग्ना कार्टा ही सनद जेथे मान्य केली, त्या कुरणाच्या नावातील ‘रून’ हा शब्द मसलतीचा वाचक आहे. मसलतीचे बेट आणि त्यालगतचे कुरण, असा त्या नावाचा अर्थ लावला जातो. म्हणजेच १२१५ च्या घटनेमुळे ही जागा सभेची झाली असे मानण्याचे कारण नाही. मसलतीसाठी ती पूर्वीपासूनच परिचित असावी, असे तिचे नाव सुचविते.

दुसऱ्या प्रकारात सभेचा शब्द नसतो, असते ती केवळ खुणेची वस्तू. यॉर्कशायरमधील स्कायरॅक या वॅपनटेकच्या नावात ओकवृक्ष आहे, तर बार्कस्टन अ‍ॅश या वॅपनटेकच्या नावात अ‍ॅश वृक्ष आहे. लीड्सच्या हेडिंग्ले भागात ‘शायर ओक’ या नावाने ओळखला जाणारा एक जुना ओक १९४१ मध्ये कोसळला. स्कायरॅकचे नाव या वृक्षाशी जोडले जाते. स्टॅफर्डशायरमधील ऑफ्लो या हंड्रेडच्या नावात ‘ह्लाव’, म्हणजे टेकाड, हा शब्द आहे. एका विस्तृत विभागाला एखाद्या झाडाचे वा टेकाडाचे नाव का मिळावे? तो विभाग त्या जागी सभेला जमत होता, हेच त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर होय. ओलोफ अँडरसन यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमधील हंड्रेडच्या नावांचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यातून हा मुद्दा ठळकपणे पुढे आला.

तिसरा प्रकार शेतांच्या आणि छोट्या भूभागांच्या नावांचा होय. ही नावे नकाशावर क्वचितच आढळतात. इंग्लंडमध्ये चर्चला द्यावयाच्या दशमांश धान्याचे रोख रकमेत रूपांतर करण्यासाठी १८३६ मध्ये कायदा झाला आणि त्यानिमित्ताने हजारो गावांचे तपशीलवार नकाशे व तक्ते तयार करण्यात आले. या तक्त्यांत शेताचा क्रमांक, धारक, क्षेत्र आणि उपयोग यांच्याबरोबर शेताचे नावही बहुधा लिहिलेले असते. कराच्या कामासाठी केलेली ही नोंद आज स्थलनामांच्या अभ्यासकांचे एक प्रमुख साधन बनली आहे.

४. बकिंगहॅमशायरमधील उदाहरणे

इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी ही संस्था १९२३ मध्ये स्थापन झाली. तिच्या परगणावार ग्रंथमालेतील बकिंगहॅमशायरचा खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच परगण्यातील तीन उदाहरणे पाहिली असता पद्धतीचे स्वरूप स्पष्ट होते.

हॅम्बलडेनच्या खोऱ्यात फिंजेस्ट आणि स्कर्मेट ही दोन शेजारगावे आहेत. फिंजेस्ट हे नाव आजच्या रूपात काहीच सांगत नाही. परंतु बाराव्या-तेराव्या शतकांतील नोंदींत त्याचा प्रारंभ ‘फ’ने न होता ‘ट’ किंवा ‘थ’ने झालेला दिसतो. मूळ शब्द ‘थिंग’ आणि ‘हर्स्ट’, म्हणजे झाडीची टेकडी, असे आहेत. त्यामुळे ‘सभेची झाडीची टेकडी’ हा अर्थ निष्पन्न होतो. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की ‘थिंग’ हा शब्द नॉर्सप्रमाणेच जुन्या इंग्रजीतही सभा या अर्थी होता. तेव्हा तो दिसला म्हणून तेथे नॉर्स वस्ती होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. स्कर्मेट या नावात ‘शीर’, म्हणजे शायर किंवा अधिकारक्षेत्र, आणि ‘गेमोट’ हे शब्द आहेत. एकाच खोऱ्यातील दोन शेजारगावांनी सभेचे दोन भिन्न शब्द जतन करावेत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. एका नावाने जो तर्क सुचविला, त्याला दुसऱ्याने बळ दिले.

तिसरे उदाहरण सेक्लो हंड्रेडचे आहे. ‘लो’ हा अंत्य घटक टेकाडाचा निदर्शक होय. मिल्टन कीन्स हे नवे शहर वसविले जात असताना त्याच्या मध्यवर्ती भागातील या नावाशी निगडित टेकाडाचे १९७७-७८ मध्ये उत्खनन करण्यात आले. त्यात दफन आढळले नाही. भोवतालचा चर खणून निघालेली माती आणि हिरवळीची ढेकळे रचून ते उभारलेले होते. म्हणजे हे प्रागैतिहासिक समाधीचे टेकाड नसून सभेसाठीच बांधलेले असावे, असे अनुमान निघाले. उत्खननानंतर ते पुन्हा रचण्यात आले आणि आज शहराच्या ग्रंथालयामागे ते उभे आहे. डोम्सडेमधील नोंद, नावातील घटक आणि मातीतील पुरावा या तिन्हींचा मेळ येथे बसला.

याउलट केंब्रिजशायरमधील मटलो टेकडी पाहावी. तिच्या नावातच ‘सभेचे टेकाड’ हा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकातील उत्खननात मात्र ती कांस्ययुगीन समाधी असल्याचे दिसले आणि रोमन काळातील वस्तूही तेथे मिळाल्या. कित्येक शतकांपूर्वीचे टेकाड सभेसाठी पुन्हा उपयोगात आणले गेले होते. सेक्लो आणि मटलो यांची नावे एकाच प्रकारची आहेत, पण टेकाडांचा इतिहास भिन्न आहे. जागेचा वापर काय होता हे नाव सांगते. ती जागा कोणी व केव्हा घडविली, हे मात्र मातीलाच विचारावे लागते.

५. ‘थिंग’ शब्दाचा प्रवास

उत्तर ब्रिटनमध्ये ‘थिंग’ आणि ‘व्होल्र’, म्हणजे मैदान, या दोन नॉर्स शब्दांचा समास अनेक ठिकाणी आढळतो. आइसलँडच्या थिंगवेल्लिरमध्येही हाच समास अनेकवचनी रूपात आहे. विरल प्रदेशातील आणि लिव्हरपूलमधील थिंगवॉल, मॅन बेटावरील टिनवाल्ड, डम्फ्रीसशायरमधील टिनवाल्ड, शेटलँड व ऑर्कनी येथील टिंगवॉल आणि स्कॉटलंडच्या उत्तर भागातील डिंगवॉल ही सर्व नावे मुळात एकच होत. ‘थ’ हा वर्ण स्थानिक बोलीनुसार कोठे ‘ट’ तर कोठे ‘ड’ झाला. डिंगवॉल गावाला गेलिक भाषेत पूर्णपणे वेगळे नाव आहे. भोवतालच्या भाषेने दुसरे नाव वापरले तरी नॉर्स नाव टिकले, हे विशेष होय. तेथील एका मोटारतळाखाली दबलेल्या टेकाडाचा अलीकडे शोध घेतला असता ते मध्ययुगात मुद्दाम रचलेले असल्याचे दिसून आले.

मॅन बेटावरील टिनवाल्ड हे या अभ्यासात मापदंडासारखे उपयोगी पडते, कारण तेथे सभा बंद पडलेली नाही. दरवर्षी साधारणतः ५ जुलै रोजी सेंट जॉन्स येथील चार टप्प्यांच्या टेकाडावर बेटाची संसद जमते आणि नव्या कायद्यांची जाहीर घोषणा केली जाते. टेकाड, त्यालगतचे मैदान, प्रार्थनामंदिर आणि मार्ग यांची जी रचना तेथे प्रत्यक्ष दिसते, ती डोळ्यांसमोर ठेवून लुप्त स्थानांची चाचपणी करता येते.

शेटलँडमध्ये नावांचा आणखी एक थर सापडतो. सँडस्टिंग, एथस्टिंग, डेल्टिंग, नेस्टिंग आणि लुनास्टिंग या विभागांच्या नावांच्या अखेरीस ‘टिंग’ आहे. १४६९ मध्ये ही बेटे स्कॉटलंडकडे गहाण गेली आणि १६११ मध्ये तेथील नॉर्स कायदा रद्द झाला. सभाही गेल्या आणि कायदाही गेला, पण विभागांच्या नावांत त्यांची खूण राहिली.

लुप्त स्थान पुन्हा सापडल्याचे उदाहरण नॉटिंगहॅमशायरमधील शेरवुडच्या वनात मिळते. मध्ययुगीन कागदपत्रांत ‘थिंगहाउ’ या नावाची एक जागा येते. थिंग आणि ‘हाउग्र’, म्हणजे टेकाड, असा हा समास आहे. पुढे त्या टेकडीला हँगर हिल हे नाव रूढ झाले आणि जुने नाव विस्मृतीत गेले. २००५ च्या सुमारास स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासकांना १८१६ मधील एका सीमाफेरीचे वर्णन मिळाले. गावच्या हद्दीवरून फिरत एकेक खूण नोंदविण्याची ही जुनी प्रथा होती. त्या वर्णनातील क्रमाने हद्द चालत गेल्यावर थिंगहाउ कोठे होते हे निश्चित करता आले. ती जागा वेगवेगळ्या वसाहतींच्या हद्दी मिळतात तेथे असून हद्दीचे जुने दगडही तेथे आढळले. सभा कोणा एका गावाच्या अंगणात न भरता हद्दीवर, सर्वांना सारख्याच परक्या किंवा सारख्याच आपल्या वाटणाऱ्या जागी भरे, हे सभास्थानांचे वारंवार दिसणारे लक्षण येथेही जुळले.

याच समासाचे आणखी एक रूप यॉर्कशायरमधील फिंगे या टेकडीच्या नावात लपले आहे. जुन्या नोंदींतील ‘थ’ पुढे ‘फ’ झाला आणि नाव ओळखू येईनासे झाले. सफोकमधील थिंगो या हंड्रेडच्या नावात मात्र तोच समास जवळजवळ मूळ स्वरूपात टिकला. एकाच शब्दाच्या या दोन गती शेजारी ठेवल्या म्हणजे आजच्या उच्चारावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, ते कळते.

६. अनुमानातील धोके

या पद्धतीत मोहाला जागा पुष्कळ आहे. म्हणून चार दक्षता आवश्यक ठरतात.

पहिली दक्षता अशी की नावाचे सर्वांत जुने उपलब्ध लेखन पाहिल्याशिवाय व्युत्पत्ती सांगू नये. फिंजेस्ट आणि फिंगे यांचे अर्थ उलगडले ते जुन्या नोंदींमुळे, ध्वनिसाम्यामुळे नव्हे.

दुसरी दक्षता शब्दाच्या उघड अर्थाबाबतची होय. इंग्लंडमध्ये ‘हंड्रेड एकर्स’ या नावाची पुष्कळ शेते आहेत. नवख्या अभ्यासकाला त्यांत हंड्रेडच्या सभेची चाहूल लागेल. प्रत्यक्षात हे नाव बहुधा अगदी चिमुकल्या तुकड्याला गमतीने दिलेले असते. शेतकऱ्याचा विनोद हा विद्वानाच्या हाती पुरावा ठरू नये.

तिसरी दक्षता नावाच्या वयाबाबतची होय. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत प्राचीन लोकसभांविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले आणि हौशी संशोधकांनी अनेक टेकाडांना ‘मूट हिल’ ठरविले. विल्टशायरमधील डाउनटन येथील ‘द मूट’ हे स्थान सॅक्सन सभेचे म्हणून प्रसिद्ध झाले होते. वस्तुतः तेथे नॉर्मन काळातील किल्ल्याचे मातीकाम असून अठराव्या शतकात त्याला शोभेच्या बागेचे रूप देण्यात आले. विद्वानांनी दिलेले नाव लोकांच्या तोंडी रुळले की पुढील पिढीचा विद्वान तेच परंपरा म्हणून टिपून घेतो. या वर्तुळातून बाहेर पडण्यासाठी नाव प्रथम केव्हा नोंदले गेले, हे पाहणे अनिवार्य आहे.

चौथी दक्षता मातीच्या मौनाविषयी आहे. शेटलँडमधील टिंगवॉल सरोवरातील ‘लॉ टिंग होम’ ही जागा पूर्वी बेट होती आणि दगडी वाटेने काठाशी जोडलेली होती. शेटलँडची मुख्य सभा तेथे भरत असल्याची परंपरा बळकट आहे. २०१० नंतर झालेल्या उत्खननात तेथे प्रामुख्याने लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. सभेच्या खुणा त्या मानाने अल्प होत्या. यावरून परंपरा खोटी ठरत नाही, कारण वर्षातून काही दिवस उघड्यावर जमणाऱ्या माणसांनी मातीत मोठा ठसा उमटवावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. परंतु उत्खननाने परंपरेला दुजोरा दिला, असेही म्हणता येत नाही.

सारांश, जुने लेखन, भूप्रदेशातील स्थान आणि प्रशासकीय नोंद या तीन स्वतंत्र साक्षीदारांचा मेळ बसला तरच सभास्थान निश्चित मानावे. दोन जुळले तर संभाव्य म्हणावे आणि केवळ नाव असेल तर ते टिपणवहीत ठेवावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ ते २०१२ या काळात इंग्लंडमधील सभास्थानांवर जो मोठा प्रकल्प झाला, त्यातही नावे, दस्तऐवज आणि पुरातत्त्व यांची सांगड घालण्यावरच भर होता.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

ही चर्चा मराठी प्रदेशाला सर्वस्वी परकी नाही. मध्ययुगीन महाराष्ट्रात वतनाचे, सीमेचे आणि मानपानाचे तंटे गोतसभेपुढे जात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते लोक तेथे बसत. निवाड्याचा महजर तयार होई व त्यावर उपस्थितांची नावे आणि निशाण्या येत. पाटलाची निशाणी नांगराची असे. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथाने या संस्थेचे स्वरूप विशद केले आहे. कोण बसले आणि काय ठरले, याची माहिती महजरांतून मिळते. ते नेमके कोठे बसले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

इंग्लंडमध्ये सभेची नोंद हरपली आणि नाव राहिले. आपल्याकडे सभेची नोंद विपुल आहे, परंतु जागांची नावे गोळा झालेली नाहीत. म्हणून आपला प्रवास उलट दिशेने व्हावा लागेल. महजरात सभेच्या जागेचा किंवा सीमेवरील खुणेचा उल्लेख असल्यास तो घेऊन शिवारात जावे आणि ते नाव आजही कोणाच्या तोंडी आहे काय, ते पाहावे. वर सांगितलेल्या दक्षता येथेही लागू पडतात. उदाहरणार्थ, कोकणातील गोठणे या ग्रामनामात ‘गोत’ शोधण्याचा मोह होऊ शकेल. परंतु ‘गोठण’ म्हणजे गुरे विसाव्याला थांबण्याची जागा, हा शब्द आपल्या बोलींत जिवंत आहे आणि तो गोतसभेकडे नव्हे, तर गोधनाकडे निर्देश करतो.

येथे काळाचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. १८३० च्या दशकात मुंबई इलाख्यात इंदापूरपासून नव्या महसुली पाहणीला आरंभ झाला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये दशमांश-कराचे तक्ते तयार होऊ लागले होते. तेथील तक्त्यांनी शेताला क्रमांक दिला आणि नावही नोंदविले. आपल्या पाहणीने सर्व्हे नंबर हीच जमिनीची अधिकृत ओळख केली. शेतांची नावे लोकांच्या तोंडी राहिली, दफ्तरात मात्र त्यांचे स्थान दुय्यम झाले. आजही सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा मजकूर छापलेला असतो आणि पुष्कळदा त्यापुढील जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत लिहिता येईल असे नाव घरातील वडीलधाऱ्या माणसांना अनेकदा ठाऊक असते. ती माणसे, विहिरीवरची वहिवाट आणि शेतीवर अवलंबून असलेली घरे कमी होत जातील, तसतशी ही नावेही कमी होतील. शिलालेख आणखी शंभर वर्षांनी वाचता येईल, तोंडी नावाला मात्र तेवढी सवड नसते.

हे काम मोठ्या निधीवाचून होऊ शकते. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच गावातील शिवाराची नावे सर्व्हे नंबरसह लिहून घ्यावीत. नाव सांगणाऱ्याचा उच्चार जसाच्या तसा टिपावा, ते ‘शुद्ध’ करू नये आणि अर्थ लावण्याची घाई करू नये. थिंगहाउचा शोध हौशी अभ्यासकांना लागला तो एका जुन्या सीमाफेरीच्या प्रामाणिक नोंदीमुळे. त्या लेखकाला थिंग म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. ऐकलेले नाव त्याने बदलले नाही, एवढे पुरेसे ठरले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) उघड्यावर भरणाऱ्या मध्ययुगीन सभांचे भौतिक अवशेष अल्प असल्याने स्थलनामे हे त्यांच्या शोधाचे एक प्रमुख साधन ठरते.

२) स्थलनाम जागेच्या वापराची साक्ष देते. जागेच्या निर्मितीची आणि काळाची साक्ष त्याच्याकडून मागता येत नाही.

३) आजच्या उच्चारावर किंवा ध्वनिसाम्यावर आधारलेले अनुमान ग्राह्य धरू नये. जुने लेखन, भूप्रदेश आणि प्रशासकीय नोंद यांचा मेळ आवश्यक आहे.

४) महाराष्ट्रात गोतसभांचे दस्तऐवज उपलब्ध असून शिवारातील नावांचे संकलन ही उणीव आहे. ती भरून काढण्याचे काम महाविद्यालयीन पातळीवर आणि तातडीने हाती घेता येण्यासारखे आहे.

राजवाड्याच्या भिंती कोसळल्या तरी त्यांचा पाया शिल्लक राहतो. लोकांच्या सभेला पाया नव्हता. तिच्या जागेचे नाव तेवढे शिल्लक आहे आणि ते नोंदवून ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे प्राथमिक कर्तव्य होय.